रिकाम्या रस्त्याचं चित्र

१८९२ सालचा उन्हाळा. मॉस्कोच्या पूर्वेला, व्लादिमिर प्रांतातल्या बोल्दिनो स्टेशनाजवळच्या खेड्यात एक चित्रकार मुक्कामाला आला होता. एके दिवशी शिकारीहून परतताना तो आणि त्याची सोबतीण सोफिया कुव्शिन्निकोवा एका जुन्या, रुंद रस्त्याला लागले. रस्ता थेट क्षितिजापर्यंत गेलेला, दोन्हीकडे मोकळं रान, लांबवर जंगलाची निळसर रेघ. कडेला छोट्या छपराचा एक लाकडी खांब आणि त्यावर ऊनपावसाने रंग उडालेली देवाची तसबीर. पुढे रस्त्यावर दूर दोन यात्रेकरू बायांच्या आकृती दिसत होत्या. सगळं इतकं शांत होतं, की ही दोघंही तिथंच रेंगाळली. आणि मग त्याच्या एकदम ध्यानात आलं, की ही तर व्लादिमिर्का!

मॉस्कोहून व्लादिमिर शहराकडे आणि तिथून पुढे सैबेरियाकडे जाणारा हा रस्ता. कित्येक पिढ्या कैद्यांचे तांडे बेड्या ओढत याच रस्त्याने पायी गेले. त्यात चोर-दरोडेखोर होते, पळून गेलेली कुळं होती आणि झारविरुद्ध बोललेले लोकही होते. आपल्याकडे ‘काळं पाणी’ म्हटल्यावर पोटात जे कालवतं, ते रशियात या नावाने कालवायचं. आपल्याकडे मध्ये समुद्र होता, तिथे नुसती धूळ आणि अंतर.

दुसऱ्याच दिवशी तो मोठा कॅनव्हास घेऊन त्या जागी हजर झाला आणि काही बैठकांत, समोर बघत बघत त्याने चित्र पुरं केलं. ही हकीगत कुव्शिन्निकोवाने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली. चित्रकाराचं नाव इसाक लेवितान. तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता आणि रशियातला पहिल्या प्रतीचा निसर्गचित्रकार म्हणून त्याचं नाव झालं होतं. तरीही मॉस्कोत राहण्याचा त्याचा हक्क पक्का नव्हता, कारण तो ज्यू होता.

ही गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

लेवितानचा जन्म १८६० चा, रशियन साम्राज्याच्या पश्चिम टोकाला, प्रशियाच्या सीमेवरच्या किबार्ती गावातला. आज हे गाव लिथुआनियात आहे. घरात शिक्षण होतं, पैसा नव्हता. वडील भाषा शिकवत. कोव्नो इथे फ्रेंच कंपनी रेल्वेचा पूल बांधत होती, तिथे त्यांनी दुभाष्याचं कामही केलं. त्या काळी ज्यूंनी साम्राज्याच्या पश्चिमेकडच्या ठरावीक पट्ट्यातच राहावं असा कायदा होता. दुसऱ्या अलेक्झांडर झारच्या कारकिर्दीत शिकलेल्यांसाठी, कारागिरांसाठी, व्यापाऱ्यांसाठी त्यात थोडी फट पडली. त्या फटीतून हे कुटुंब १८७० च्या सुमारास मॉस्कोत आलं. १८७३ मध्ये तेरा वर्षांचा इसाक मॉस्कोच्या चित्र, शिल्प आणि वास्तुकलेच्या शाळेत दाखल झाला. १८७५ मध्ये आई गेली, १८७७ मध्ये वडील गेले, आणि मुलं उघड्यावर पडली.

त्याचा सहाध्यायी मिखाईल नेस्तेरोव, जो पुढे स्वतःही मोठा चित्रकार झाला, त्याने त्या दिवसांबद्दल लिहिलंय. संध्याकाळी शाळा बंद व्हायच्या वेळी एक जुना शिपाई वर्गावर्गांतून फेरी मारायचा. पोरांनी त्याचं नाव ‘सैतान’ ठेवलं होतं. त्याची नजर चुकवून लेवितान कुठेतरी लपून राहायचा आणि रात्र शाळेतच काढायचा, कारण जायला दुसरी जागा नव्हती. शाळेने त्याची फी माफ केली. कारणं दोन दिली होती: कमालीचं दारिद्र्य आणि कलेतली मोठी प्रगती.

ज्या वर्गात तो शिकला, तो अलेक्सेई साव्रासोवचा. या माणसाला वगळून लेवितान कळत नाही. रशियातल्या चित्रकलेच्या राजमान्य अकादमीत तेव्हा पुराणकथा आणि इतिहासाची चित्रं पहिल्या पंगतीला बसायची, निसर्गचित्र शेवटच्या. निसर्ग काढायचाच तर तो इटलीचा! १८६३ मध्ये चौदा विद्यार्थ्यांनी सुवर्णपदकाच्या स्पर्धेसाठी दिलेला स्कँडिनेव्हियन पुराणातला विषय नाकारला आणि अकादमी सोडली. त्याच हालचालीतून १८७० मध्ये फिरत्या प्रदर्शनांची संस्था उभी राहिली. तिच्या चित्रकारांना ‘पेरेद्विझनिकी’, म्हणजे फिरस्ते, म्हणू लागले. शहराशहरांत चित्रं न्यायची आणि आपल्या देशातलं जगणं दाखवायचं, असा त्यांचा बेत. त्यांच्या पहिल्याच प्रदर्शनात, १८७१ मध्ये, साव्रासोवचं ‘रूक परतले’ हे चित्र लागलं. रूक हा आपल्या कावळ्याचाच भाऊबंद. चित्रात वितळत्या बर्फाचा चिखल, वाकडीतिकडी बर्चची झाडं, त्यांच्यावर घरटी बांधणारे हे काळे पक्षी आणि मागे खेड्यातलं चर्च. बघण्यासारखं काय आहे त्यात? पण लोक बघत राहिले. आपल्या परसातल्या चिखलाचंही चित्र होऊ शकतं, हे रशियाला त्या दिवशी कळलं असं म्हणायला हरकत नाही.

साव्रासोव पोरांना वर्गाबाहेर काढायचा, सोकोल्निकीच्या जंगलात हिंडवायचा. लेवितान त्याचा लाडका शिष्य. लाडक्या शिष्याला याचा तोटाही झाला. गुरू दारूत बुडत गेला, १८८२ मध्ये त्याची नोकरी गेली, आणि गुरूवरचा राग शिष्यावर निघाला असं समकालीन सांगतात. शाळेतून बाहेर पडताना लेवितानच्या हाती पडलं ते सुलेखनाच्या शिक्षकाचं प्रमाणपत्र. रशियाचं आकाश रंगवणाऱ्या हातांना मुलांकडून अक्षर घोटवून घेण्याचा परवाना!

पण त्याआधीच एक घाव बसून गेला होता. एप्रिल १८७९ मध्ये अलेक्झांडर सोलोव्योव नावाच्या क्रांतिकारकाने झारवर गोळ्या झाडल्या. हल्लेखोर ज्यू नव्हता, तरी मॉस्कोतल्या ज्यूंवर हद्दपारीचा बडगा आला. अठरा वर्षांच्या लेवितानला भावंडांसह शहराबाहेर सालतिकोव्का या गावात आसरा घ्यावा लागला. त्याच वर्षी त्याने ‘शरद ऋतूतला दिवस. सोकोल्निकी’ हे चित्र काढलं. ओल्या पायवाटेवर गळून पडलेली पानं, दोन्हीकडे पाईनच्या उंच भिंती, वर पळणारे ढग, आणि वाटेवर काळ्या कपड्यांतली एकटी बाई. ही बाई लेवितानच्या हातची नाही. त्याचा मित्र निकोलाय चेकॉव्ह, म्हणजे लेखक आंतोन चेकॉव्हचा थोरला भाऊ, याने ती रंगवली. पावेल त्रेत्याकोव या व्यापाऱ्याने आपल्या संग्रहासाठी ते चित्र १८८० मध्ये विकत घेतलं. मॉस्कोत ज्या कलाकाराला घर मिळत नव्हतं, त्याचं चित्र मॉस्कोच्या सगळ्यात नामांकित भिंतीवर जाऊन बसलं.

निकोलायमुळे आंतोनशी दोस्ती झाली आणि ती शेवटपर्यंत, एका मोठ्या खंडासह, टिकली. १८८५ च्या उन्हाळ्यात चेकॉव्ह कुटुंब मॉस्कोजवळ बाबकिनोला राहत होतं आणि लेवितान नदीपलीकडच्या खेड्यात. तो तिथे एकटा पडून आहे, जीव द्यायच्या गोष्टी करतो, हे कळल्यावर चेकॉव्हने त्याला उचलून आपल्याकडे आणलं. चेकॉव्ह डॉक्टर होता, त्याचा उपचार साधा: हसवायचं. धाकटा भाऊ मिखाईल सांगतो, की संध्याकाळी लेवितान अरबाचं सोंग घेऊन गालिच्यावर नमाज पढायला बसे आणि झुडपाआडून आंतोन त्याच्यावर खोटी गोळी झाडे. लेवितानबद्दल ‘उदासीचा गायक’ असा शिक्का मारणाऱ्यांनी हे सोंगही ध्यानात ठेवायला हवं.

१८८७ मध्ये तो पहिल्यांदा व्होल्गाकाठी गेला तो निराश होऊन परतला. पाऊस, करडं पाणी, एकाकीपणा. पण १८८८ च्या उन्हाळ्यात कुव्शिन्निकोवा आणि चित्रकार स्तेपानोव यांच्यासोबत बोटीने उतरत असताना त्यांना टेकडीच्या कुशीतलं प्ल्योस हे छोटं गाव दिसलं. लेवितान तिथे सलग तीन उन्हाळे राहिला. ‘पावसानंतर. प्ल्योस’ आणि ‘संध्याकाळ. सोनेरी प्ल्योस’ ही १८८९ ची चित्रं. पहिल्यात पाऊस नुकता थांबलाय. किनाऱ्याच्या लाकडी पडावांवर ओल चमकतेय, ढग फाटताहेत आणि नदीवर थंड चंदेरी उजेड पसरलाय. लेवितानचं कसब अशा ठिकाणी दिसतं. त्याने वस्तूंपेक्षा वेळ रंगवली. हवा पंधरा मिनिटांपूर्वी कशी होती आणि पंधरा मिनिटांनी कशी होईल, हे चित्रात कळतं. इतर वास्तववादी चित्रकारांनी, उदाहरणार्थ शिश्किनने, झाडाची साल न् साल मोजली. लेवितानने तो तपशील गाळला आणि माझ्या मते तो वास्तवाच्या जास्त जवळ गेला.

‘निवांत मठ’ या चित्राने १८९१ मध्ये फिरत्या प्रदर्शनात त्याचं नाव गाजलं. नदीवरच्या डुगडुगत्या फळ्यांचा पूल, पलीकडे झाडीतून डोकावणारे मठाचे घुमट. त्याच वर्षी तो फिरस्त्यांच्या संस्थेचा सदस्य झाला. आणि त्याच वर्षी मॉस्कोवर नवा गव्हर्नर जनरल आला.

झार तिसऱ्या अलेक्झांडरचा भाऊ सेर्गेई अलेक्झांद्रोविच. शहर ज्यूंपासून ‘मोकळं’ करण्याचा हुकूम त्याच्या नेमणुकीच्या जोडीनेच निघाला. सुरुवात कारागिरांपासून झाली, मग बाकीचे. दोनेक वर्षांत सुमारे वीस हजार माणसं मॉस्कोतून उठवली गेली. कित्येकांचा जन्म तिथलाच होता.

दरम्यान चेकॉव्ह सैबेरिया ओलांडून साखालिन बेटावर जाऊन आला होता. १८९० च्या वसंतात तो निघाला तेव्हा त्याला आगगाडीत काही अंतर पोचवायला गेलेल्यांत लेवितान आणि कुव्शिन्निकोवा होते. चेकॉव्हने तीन महिने त्या कैद्यांच्या बेटावर घरोघर हिंडून हजारो माणसांची एकेक कार्डावर नोंद केली. व्लादिमिर्काचा शेवट कुठे होतो, हे तो बघून आला होता. त्याच्याकडून ऐकलेलं लेवितानच्या मनात असणारच.

आता त्या चित्राकडे जवळून बघू.

‘व्लादिमिर्का’ आडवं आहे, सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद. वरचा जवळजवळ अर्धा भाग ढगाळ आभाळाचा. खाली मधोमध मुख्य रस्ता, आणि त्याला समांतर, त्याच्यात मिसळत, पुन्हा फुटत जाणाऱ्या पायवाटा. गाड्यांनी एवढ्या पायवाटा पडत नाहीत, त्या पायांनीच पडतात. चित्रात एकही कैदी नाही, एकही शिपाई नाही, बेडी नाही. तो छपराचा खांब आहे आणि पाठीवर झोळी घेतलेली एक बाई; इतकी लहान, की घाईने बघणाऱ्याला दिसणारही नाही. लांब क्षितिजावर एक पांढरं चर्च आणि शेतावर उजेडाचा एक पट्टा.

रस्ता रिकामा असण्याला साधं ऐतिहासिक कारणही आहे. मॉस्को ते निझ्नी नोवगोरोद रेल्वे १८६२ मध्ये सुरू झाली आणि कैद्यांना गाडीने नेऊ लागले. लेवितान तिथे पोचला तेव्हा व्लादिमिर्का निवृत्त झाली होती. त्याने दाखवली ती चालणाऱ्यांची आठवण. दुसऱ्या कुणी हा विषय घेतला असता, तर साखळदंड, रडणारी बायको, चाबूक असा सगळा संसार मांडला असता. फिरस्त्यांच्या मंडळींत तशी चित्रं कमी नव्हती, आणि काही उत्तमही होती. पण पायवाटा मोजायला लावणारं चित्र हे एकच.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. हे चित्र म्हणजे लेवितानच्या स्वतःच्या हद्दपारीचं चित्र, असं पुष्कळदा सांगितलं जातं. घटनांचा क्रम उलटा आहे. आधी उन्हाळ्यात चित्र झालं. मॉस्को सोडण्याचा हुकूम त्याच्या हाती पडला तो शरदात. शहरभर चाललेली हकालपट्टी त्याला माहीत नव्हती असं नाही, पण रस्त्यावर उभं राहून तो स्वतःसाठी रडत नव्हता. हुकूम आल्यावर तो पुन्हा त्याच व्लादिमिर प्रांतात, बोल्दिनोला गेला. त्रेत्याकोव आणि इतर वजनदार मंडळींनी खटपट केली, तेव्हा डिसेंबरमध्ये परवानगी मिळून तो परतला. ‘व्लादिमिर्का’ पुढे १८९४ मध्ये त्याने त्रेत्याकोवला दिलं. विकलं नाही, भेट दिलं.

त्याच १८९२ मध्ये मैत्रीही तुटली होती. जानेवारीत चेकॉव्हची ‘पोप्रिगुन्या’, म्हणजे ‘उनाड टोळ’, ही कथा छापून आली. एका डॉक्टरची कलेच्या नादातली बायको, तिचा चित्रकार प्रियकर, व्होल्गावरची सफर. कुव्शिन्निकोवाचा नवरा पोलीस खात्यात डॉक्टर होता, ती स्वतः चित्रं काढायची, आणि लेवितानशी तिचं नातं सगळ्या मॉस्कोला ठाऊक होतं. चेकॉव्ह म्हणे, माझी नायिका विशीतली आहे आणि चाळिशी उलटलेली बाई तिच्यात स्वतःला बघते! हा बचाव लंगडा होता. चेकॉव्ह मराठी वाचकाचाही आवडता लेखक, पण इथे त्याचं चुकलं असं मला वाटतं.

तरी एप्रिलमध्ये लेवितान मेलिखोवोला चेकॉव्हकडे गेला होता. दोघं शिकारीला निघाले. लेवितानने एक पाखरू पाडलं, ते पंख मोडून डबक्यात पडलं आणि लांब चोचीचं, काळ्या मोठ्या डोळ्यांचं तसंच बघत राहिलं. लेवितानला ते मारवेना. त्याने चेकॉव्हला विनवलं. चेकॉव्हने बंदुकीच्या दस्त्याने ते संपवलं आणि नंतर पत्रात लिहिलं, की जगातून एक सुंदर जीव कमी झाला आणि दोन मूर्ख घरी जाऊन जेवायला बसले. त्यानंतर लवकरच बोलणं बंद झालं ते जवळजवळ तीन वर्षं. जानेवारी १८९५ मध्ये त्यांची एक लेखिका मैत्रीण लेवितानला मेलिखोवोला घेऊन गेली. दोघांनी हात मिळवले आणि काही झालंच नाही अशा थाटात इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू केल्या.

अबोल्याच्या त्या काळात, १८९४ मध्ये, ‘चिरशांतीच्या वर’ झालं होतं. दोन मीटरहून रुंद कॅनव्हास. उंच कड्यावर लाकडी चर्च, मागे कललेले क्रूस, खाली अफाट तळं आणि वर त्याहून अफाट आभाळ. तळं उदोम्ल्याच्या परिसरातलं, चर्च मात्र प्ल्योसचं, जुन्या रेखाटनातून उचललेलं. आपण या चित्रात पुरेपूर आहोत, असं त्याने त्रेत्याकोवला कळवलं. मला स्वतःला ते थोडं ठासून सांगितलेलं वाटतं. त्यापेक्षा ‘मार्च’ बघा. १८९५ च्या सुरुवातीचं. लाकडी घराच्या दाराशी घसरगाडीला जुंपलेला घोडा, दार अर्धवट उघडं, कुणीतरी आत गेलंय ते एवढ्यात येईल. बर्फावर निळ्या सावल्या आणि भिंतीवर पिवळं ऊन. बस्स. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यातून वाचला, चेकॉव्ह धावत जाऊन बघून आला, आणि त्याच वर्षी ‘सोनेरी शरद’ झालं. त्याची सगळ्यांत उजळ चित्रं त्याच्या सगळ्यांत काळ्या वर्षातली आहेत. आयुष्यावरून चित्रांचा अर्थ लावणाऱ्यांना लेवितान असा चकवतो.

मग हृदय बिघडलं. १८९७ मध्ये चेकॉव्हने छातीला नळी लावून तपासलं आणि काय ते ओळखलं. त्याच वर्षी साव्रासोव मेला, जवळपास भिकारी अवस्थेत. लेवितानने वृत्तपत्रात गुरूवर लेख लिहिला आणि रशियन निसर्गचित्र याच माणसापासून सुरू होतं असं सांगितलं. १८९८ मध्ये अकादमीने त्याला ‘अकादमिशियन’ केलं, आणि ज्या शाळेत तो शिपायाला चुकवून झोपायचा, त्याच शाळेने त्याला निसर्गचित्राच्या वर्गाचा शिक्षक नेमलं. हिवाळ्यात पोरांना जंगल मिळेना, तेव्हा त्याने कुंड्यांतून फर आणि इतर झाडं आणून वर्गातच जंगल उभं केलं.

१८९९ च्या अखेरीस तो याल्टाला क्षयाने झिजलेल्या चेकॉव्हकडे गेला. चेकॉव्हला उत्तरेची आठवण छळत होती. लेवितानने पुठ्ठ्याचा तुकडा मागितला, अर्ध्या तासात चांदण्यातल्या गवताच्या गंज्या रंगवल्या आणि तो पुठ्ठा चेकॉव्हच्या खोलीतल्या शेकोटीच्या कोनाड्यात बसवून दिला. याल्टाच्या चेकॉव्ह संग्रहालयात तो अजून आहे.

१९०० च्या ऑगस्टमध्ये लेवितान गेला. चाळिसावं पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. आलेली पत्रं वाचून न बघता जाळावीत, ही त्याची इच्छा भावाने पाळली, म्हणून त्याच्या बाजूच्या पुष्कळ गोष्टी कायमच्या गेल्या. ‘तळं. रूस’ हा मोठा कॅनव्हास अपुरा राहिला. प्ल्योसच्या घरात १९७२ पासून त्याचं संग्रहालय आहे. व्लादिमिर्काचा मॉस्कोतला भाग १९१९ मध्ये, त्या वाटेने सैबेरियात गेलेल्या क्रांतिकारकांच्या आठवणीसाठी, ‘उत्साहींचा महामार्ग’ झाला.

लेवितानला मॉस्कोच्या दोरोगोमिलोवो ज्यू दफनभूमीत पुरलं होतं. पुढे ती दफनभूमीच मोडीत निघाली. १९४१ मध्ये त्याचे अवशेष तिथून उचलून नोवोदेविची दफनभूमीत नेले. तिथे त्याची कबर आंतोन चेकॉव्हच्या कबरीपासून जवळच आहे.